नेपच्युनालिया : रोमन जलदेवतेचा उत्सव आणि त्याचे आधुनिक पुनरुज्जीवन – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

प्राचीन रोमन धर्मात श्रद्धेच्या तात्त्विक मांडणीपेक्षा विधींच्या अचूक आचरणास अधिक महत्त्व होते. कोणत्या दिवशी कोणत्या देवतेस काय अर्पण करावे, हे दिनदर्शिका आणि पुरोहितमंडळे ठरवीत असत. चौथ्या शतकाच्या अखेरीस या धर्माचा राजाश्रय संपला आणि पुढे त्याच्या आचरणावर कायद्याने बंदी आली. असे असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोप व अमेरिकेतील काही गट रोमन देवतांची उपासना नव्याने करू लागले. २३ जुलै रोजी येणारा नेपच्यून या जलदेवतेचा उत्सव, म्हणजेच नेपच्युनालिया, हा अशा उपासनेचा एक भाग होय. ज्या उत्सवाविषयी प्राचीन साधनांत मोजक्याच ओळी उपलब्ध आहेत तो पुन्हा साजरा करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकासाठी महत्त्वाचा ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) नेपच्युनालियाविषयीच्या प्राचीन साधनांचा आढावा घेणे.
२) नेपच्यूनच्या स्वरूपात झालेले परिवर्तन स्पष्ट करणे.
३) आधुनिक उपासनेचे प्राचीन परंपरेशी असलेले नाते तपासणे.

प्राचीन साधनांतील नेपच्युनालिया

अँटियम (आजचे आंझिओ) येथे भिंतीवर रंगविलेली, ज्युलियन सुधारणेपूर्वीची एक रोमन दिनदर्शिका सापडली आहे. तीत प्राचीन सणांची नावे मोठ्या अक्षरांत नोंदविलेली असून त्यांत नेपच्युनालियाचा समावेश आहे. त्या काळी जुलै महिन्यास क्विंटिलिस म्हणत. व्हॅरोने या सणाचे नाव नेपच्यूनवरून पडल्याचे नमूद केले आहे. उत्सवाच्या प्रत्यक्ष स्वरूपाविषयी सर्वांत मोलाची माहिती फेस्टसच्या कोशात मिळते. या दिवशी लोक झाडांच्या पानाफांद्यांच्या झोपड्या उभारीत आणि त्यांना 'उम्ब्रे', म्हणजे सावल्या, असे म्हणत. मॅक्रोबियसच्या नोंदीनुसार बैलाचा बळी स्वीकारणाऱ्या मोजक्या देवतांत अपोलो व मार्स यांच्यासह नेपच्यूनची गणना होई. ऑलस गेलियसने उद्धृत केलेल्या पुरोहितांच्या प्रार्थनांत नेपच्यूनबरोबर सालाशिया हे नाव येते. होरेसच्या एका कवितेत मात्र नेपच्यूनचा सण घरगुती मेजवानीने, जुनी वाईन आणि गायन यांच्या संगतीत साजरा होताना दिसतो. यावरून सार्वजनिक विधीबरोबरच या दिवसाला एक खाजगी बाजूही होती, हे लक्षात येते.

उत्सवाची तिथी या संदर्भात विशेष बोलकी आहे. १९ व २१ जुलै रोजी वनराईशी संबंधित लुकारिया, २३ रोजी नेपच्युनालिया आणि २५ रोजी फुरिना देवीचा फुरिनालिया असा हा क्रम आहे. महाराष्ट्रात जुलै हा पावसाचा महिना असला, तरी मध्य इटलीत तो कडक उन्हाचा आणि पाणीटंचाईचा काळ असतो. झरे आटण्याच्या दिवसांत वनराई, पाणी आणि सावली यांचे सण एकापाठोपाठ यावेत, हा योगायोग मानणे कठीण आहे. त्यामुळे नेपच्यून हा मूलतः गोड्या पाण्याचा देव असावा, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे.

गोड्या पाण्याकडून समुद्राकडे

हातात त्रिशूळ घेतलेला समुद्राधिपती ही नेपच्यूनची सर्वपरिचित प्रतिमा ग्रीक पोसायडनच्या प्रभावातून घडली. लिव्हीच्या वृत्तांतानुसार इ.स.पू. ३९९ मध्ये रोममध्ये देवतांना मंचकावर बसवून भोजन देण्याचा पहिला विधी झाला आणि त्यात नेपच्यूनचा समावेश होता. रोमने आपले मोठे आरमार मात्र इ.स.पू. २६४ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या प्युनिक युद्धात उभारले. गृहयुद्धाच्या काळात सेक्स्टस पॉम्पी स्वतःस नेपच्यूनचा पुत्र म्हणवू लागला, तेव्हा या देवतेला उघड राजकीय अर्थ प्राप्त झाला. इ.स.पू. ३६ मध्ये नॉलोकसच्या सागरी लढाईत अग्रिपाने त्याचा पराभव केला आणि पुढे रोममध्ये नेपच्यूनच्या नावाने एक वास्तू उभारली. गोड्या पाण्याशी असलेले नाते तरीही पूर्णतः तुटले नाही. आजच्या अल्जीरियातील लँबेसिस या समुद्रापासून दूरच्या लष्करी वसाहतीत झऱ्याजवळ नेपच्यूनचे मंदिर होते.

फ्रेंच विद्वान जॉर्ज द्युमेझिल यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेपच्यूनचा संबंध वैदिक 'अपांनपात्' या देवतेशी जोडला. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातील पस्तिसावे सूक्त या देवतेस उद्देशून आहे. रोमन बाजूने त्यांनी आल्बन सरोवराच्या कथेचा आधार घेतला. व्हेई नगराच्या वेढ्याच्या काळात, परंपरेनुसार इ.स.पू. ३९८ मध्ये, पाऊस नसताना हे सरोवर भरून वाहू लागले. त्याचे पाणी योग्य रीतीने काढून दिल्याशिवाय विजय नाही, असे भाकीत झाले. सिसेरोने सांगितल्याप्रमाणे हे पाणी सरळ समुद्रास न मिळता शेतीकडे वळविणे आवश्यक होते. सुमारे १.४ किलोमीटर लांबीचा तो बोगदा आजही अस्तित्वात आहे. द्युमेझिल यांनी सुचविलेल्या व्युत्पत्तीविषयी भाषाशास्त्रज्ञांत एकमत नाही. तथापि त्यांच्या विवेचनामुळे नेपच्यूनचा विचार समुद्राऐवजी तलाव व सिंचन यांच्या संदर्भात करण्यास चालना मिळाली.

परंपरेचा खंड

रोमन धर्माची अखेर दोन टप्प्यांत समजून घेता येते. ३८२ मध्ये सम्राट ग्रेशियनने पारंपरिक पुरोहितपदांचे सार्वजनिक अर्थसाहाय्य काढून घेतले. त्यानंतर ८ नोव्हेंबर ३९२ रोजी थिओडोसियसच्या आदेशाने घरातील गृहदेवतांना अग्नी, वाईन व धूप अर्पण करण्यासही मनाई झाली. म्हणजे प्रथम राज्याचा आधार गेला आणि नंतर घरातील देव्हाऱ्यापर्यंत बंदी पोहोचली. आजची नेपच्यून-उपासना या उत्सवाची अखंड चालत आलेली परंपरा नाही, हे येथे स्पष्ट होते.

आधुनिक उपासनेचे स्वरूप

आधुनिक काळातील रोमन धर्माच्या पुनरुज्जीवनाचे सर्वच प्रवाह एकसारखे नाहीत. इटलीत ज्युलियस एव्होलाच्या १९२८ मधील ग्रंथाने पेगन वारशाची सांगड साम्राज्यवादी राजकारणाशी घातली. याउलट १९९८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या 'नोव्हा रोमा' या संघटनेने प्राचीन साधनांच्या आधारे दिनदर्शिका, पदाधिकारी आणि पुरोहितमंडळ यांची पुनर्रचना करण्याचा प्रयत्न केला.

अशा उपासकांच्या विधीत डोक्यावर वस्त्र घेणे, प्रारंभी जेनसचे व शेवटी वेस्टाचे स्मरण करणे, धूप, दूध किंवा वाईन अर्पण करणे असे घटक सर्वसाधारणपणे आढळतात. नेपच्युनालियाची प्रार्थना उपलब्ध नसल्याने केटोच्या शेतीविषयक ग्रंथातील प्रार्थनांचा साचा वापरला जातो. बैलाच्या बळीची जागा बहुधा धान्य वा पेय घेते. पानाफांद्यांची झोपडी उभारणे, नदी वा झऱ्याकाठी सहभोजन करणे आणि पाण्याविषयी कृतज्ञता व्यक्त करणे यांनाही या दिवशी स्थान मिळते. काही उपासक समुद्रकिनारा निवडतात. तेथे मूळ रोमन सणापेक्षा पोसायडनच्या प्रतिमेचा प्रभाव अधिक जाणवतो.

येथे एक महत्त्वाची विसंगती लक्षात घ्यावी लागते. नेपच्युनालिया हा नगरराज्याच्या दिनदर्शिकेतील सार्वजनिक सण होता. संपूर्ण समाजाच्या वतीने विधी करणारे राज्य आज अस्तित्वात नाही. परिणामी आधुनिक उपासकास सार्वजनिक सणाचे आचरण घरगुती विधीच्या स्वरूपात करावे लागते. ३९२ च्या आदेशाने ज्या कृतींवर बंदी घातली, नेमक्या त्याच कृती आज धार्मिक स्वातंत्र्याच्या आधारे पुन्हा सुरू झाल्या आहेत. ३८२ मध्ये जे गेले, ते मात्र परत आलेले नाही.

निष्कर्ष

१) नेपच्युनालिया हा मुळात ऐन उन्हाळ्यातील पाणीटंचाईशी निगडित सण असण्याची शक्यता अधिक आहे.
२) नेपच्यूनचे सागरी रूप ग्रीक प्रभाव व रोमन राजकारण यांतून दृढ झाले.
३) आधुनिक उपासना ही प्राचीन परंपरेचा अवशेष नसून उपलब्ध साधनांच्या वाचनातून झालेली पुनर्रचना आहे.
४) या पुनर्रचनेत घरगुती विधीचे पुनरुज्जीवन शक्य झाले, सार्वजनिक विधीचे झाले नाही.

समारोप

आधुनिक नेपच्युनालिया प्राचीन सणाची हुबेहूब प्रतिकृती नाही, एवढ्यावरून तो कृत्रिम ठरविणे योग्य होणार नाही. स्वतः रोमनांनीही या देवतेचा अर्थ काळानुरूप बदलला होता. मात्र उपासनेसाठी नव्याने जोडलेला भाग प्राचीन म्हणून सांगितला जाऊ लागला, तर इतिहासाची हानी होते. साधने कोठे संपतात आणि कल्पना कोठे सुरू होते, ही सीमा दाखविणे हे इतिहासकाराचे काम आहे. पानाफांद्यांची सावली आणि वाहते पाणी एवढेच या सणाचे खात्रीचे धन आहे. पाण्याची टंचाई अनुभवणाऱ्या कोणत्याही समाजास त्याचे मोल समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.