पोलिसांपुढील कबुलीजबाब

"आरोपीनें गुन्हा कबूल केला" हें वाक्य वर्तमानपत्रांत वाचलें कीं बहुधा आपला विचार तेथेंच थांबतो. पुढें तोच आरोपी निर्दोष सुटला म्हणजे आपण न्यायालयास नांवें ठेवितों. पोलिसांपुढें दिलेली कबुली न्यायाधीशास पुरावा म्हणून घेतां येत नाहीं, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांनाहि ठाऊक नसते; आणि ज्यांना ठाऊक असते त्यांतल्या कांहींना ती साहेबाच्या देशांतून आलेली एक चैन वाटते. वास्तविक असा सरसकट मनाईचा नियम इंग्लंडांत नव्हता. तो येथल्याच अनुभवावरून, येथल्यासाठीं केला गेला.

त्या अनुभवाची साक्ष मद्रास इलाख्यांतली आहे. कंपनी सरकारचे नोकर सारा वसूल करण्यासाठीं रयतेचा शारीरिक छळ करितात काय, असा प्रश्न १८५४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत निघाला. चौकशीकरितां मद्रासेस तीन सभासदांचें मंडळ नेमण्यांत आलें व त्याचा अहवाल १८५५ सालीं तयार झाला. "किट्टी" नांवाच्या लांकडी चापांत बोटें दाबणें. "अनुंदाल", म्हणजे माणसाला दोरानें वांकवून तसाच बांधून ठेवणें. डोळ्यांत तिखट घालणें. असे प्रकार त्यांत नमूद आहेत. सारावसुली आणि पोलीस हीं दोन्हीं कामें एकाच कचेरीच्या हातीं असल्यामुळें जें हत्यार साऱ्यासाठीं चाले, तेंच चोरीच्या तपासांतहि चाले.

१८६१ च्या फौजदारी कायद्यानें पोलिसांपुढील कबुलीस पुराव्यांतून बाहेर काढलें. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं १८७२ चा पुराव्याचा कायदा रचला, त्यांत हा नियम पंचविसावें व सव्विसावें कलम होऊन बसला. पोलीस असें कां वागतात याचें एका अनुभवी अधिकाऱ्यानें सांगितलेलें कारण स्टीफनसाहेबांनीं पुढें नमूद केलें आहे. त्यांत क्रौर्यापेक्षां आळसाला मोठें स्थान आहे: उन्हांतान्हांत पुरावा हुडकण्याचे कष्ट नकोत, त्यापेक्षां सांवलींत बसून तिखटानें काम भागतें.

हें वाचलें तेव्हां मला माझाच वर्ग आठवला. एका मुलाची कंपासपेटी नाहींशी झाली होती. मीं छडी हातीं घेऊन एका गरीब मुलाला दरडावून विचारलें, आणि त्यानें "घेतली" म्हणून कबूल केलें. पेटी दोन दिवसांनीं कपाटामागें सांपडली. "मग कबूल कां झालास?" असें मीं विचारलें, तर तो खालीं पाहून उभा राहिला. उत्तर माझ्या हातांत होतें. त्या दोन दिवसांत मीं दुसरीकडे कोठेंहि शोध केला नव्हता, हें सांगावयास मला आजहि लाज वाटते.

या मनाईला सत्ताविसाव्या कलमानें एक वाट ठेविली आहे. कोठडींतल्या आरोपीच्या सांगण्यावरून कांहीं वस्तुस्थिति उघडकीस आली, तर त्या सांगण्यांतला तिच्याशीं साक्षात् संबंध असलेला भाग तेवढा पुराव्यांत येतो. ही वाट किती रुंद समजावयाची? पुलुकुरी कोट्टय्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें त्याचा निकाल दिला. हा निकाल १९४७ च्या निवाडेग्रंथांत छापलेला असून तो सर जॉन बोमंट यांनीं लिहिला. हे गृहस्थ पूर्वीं मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनीं सुरीचें उदाहरण घेतलें. आरोपी म्हणतो, "घराच्या छपरांत लपविलेली सुरी काढून देतों." सुरीचा शोध तर जगाला कधींच लागलेला आहे, येथें शोध लागला तो एवढाच कीं अमुक ठिकाणीं सुरी आहे व ती तेथें असल्याचें या माणसास माहीत आहे. तिनें अमक्यास भोंसकलें, हे त्याच वाक्यांतले शब्द असले तरी ते गाळावयाचे. मला हा निकाल व्याकरणाच्या पृथक्करणासारखा स्वच्छ वाटतो.

राज्यघटनेच्या विसाव्या कलमानें आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून मुक्त केलें. बाविसाव्यानें अटकेचें कारण समजण्याचा, वकिलाचा आणि चोवीस तासांच्या आंत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटपुढें नेलें जाण्याचा हक्क दिला. बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने घेणें म्हणजे साक्षीची सक्ति नव्हे, असें अकरा न्यायाधीशांनीं १९६१ सालीं मुंबई राज्याच्या एका खटल्यांत ठरविलें.

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम अमलांत आला. त्यांतहि जुनीं तिन्हीं कलमें तेविसाव्या कलमांत एकत्र राहिलीं आहेत. परंतु आपल्याच महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्यानें पोलीस अधीक्षक वा त्यावरील अधिकाऱ्यापुढील कबुली, कांहीं अटींवर, ग्राह्य धरली आहे. टोळ्यांपुढें साक्षीदार उभे राहत नाहींत, हें त्याचें कारण खोटें नाहीं. तरी अधिकाऱ्याच्या हुद्द्यानें कोठडींतल्या माणसाची भीति कमी होते, हें मला पटलेलें नाहीं.

खरोखर कबूल व्हावयाचें असेल त्यास मॅजिस्ट्रेटचें दार उघडें आहेच. तेथें प्रथम त्याला सांगावें लागतें, "कबुली देणें तुजवर बंधनकारक नाहीं, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल." इतकें ऐकून तो "मला कांहीं सांगावयाचें नाहीं" म्हणाला, तर मॅजिस्ट्रेटनें त्याला पुन्हां पोलिसांच्या कोठडींत पाठवावयाचें नाहीं, असें कायदाच सांगतो.