पाचट, पेंढा आणि सांडलेलं तेल

गॅरेजमध्ये ऑइल सांडलं की मेस्त्री काय करतो? पाणी ओतत नाही. कोपऱ्यातल्या पोत्यातून लाकडाचा भुसा काढतो, वर टाकतो, पायाने फिरवतो आणि झाडून घेतो. याला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही. पण समुद्रात तेल सांडल्यावर मोठमोठ्या देशांनीही हाच मार्ग धरलाय, पुष्कळदा नाइलाजाने. आज त्याचा थोडा इतिहास सांगतो. पोस्ट लांब आहे, पण विषय आपल्याच शेतातल्या काडीकचऱ्याचा आहे.

18 मार्च 1967. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ 'टोरी कॅनियन' नावाचं तेलवाहू जहाज खडकावर चढलं. पोटात एक लाख टनाहून जास्त कच्चं तेल. एवढ्या मोठ्या तेलगळतीचा अनुभव तेव्हा कुणालाच नव्हता. सरकारने जहाजावर बॉम्ब टाकून तेल जाळायचा प्रयत्न केला. समुद्रात आणि किनाऱ्यावर सुमारे 10 हजार टन डिटर्जंट फवारलं. नंतर शास्त्रज्ञांनी पाहणी केली तर काय दिसलं? कित्येक ठिकाणी खडकांवरचे शंख-शिंपले आणि इतर जीव तेलापेक्षा त्या डिटर्जंटनेच जास्त मेले होते.

दोन वर्षांनी, 28 जानेवारी 1969 रोजी, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराजवळ समुद्रातली तेलविहीर फुटली. अंदाजे 80 हजार ते 1 लाख बॅरल तेल बाहेर आलं. चंद्रावर माणूस पाठवायच्या तयारीत असलेल्या त्या देशाने किनारा साफ करायला काय आणलं? पेंढा! होड्यांमधून पेंढा पसरला, वाळूवर पसरला, काळाकुट्ट झाला की दाताळ्यांनी ओढून ट्रकमध्ये भरला. तुरुंगातल्या कैद्यांनाही या कामावर लावलं होतं.

पेंढा तेल धरतो कसा? काडी आतून पोकळ आणि सच्छिद्र असते. दिव्याची वात तेल वर ओढते, तसंच त्या बारीक पोकळ्यांत तेल शिरतं. शिवाय बऱ्याच वनस्पतींच्या अंगावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. मेण पाण्याला दूर ठेवतं आणि तेलाला जवळ करतं. घरी करून बघा. बोंडातून काढलेला कच्चा कापूस पाण्यात टाका, तरंगत राहील. मेडिकलमधला कापूस टाका, लगेच पाणी पिऊन बुडेल. कारण त्याचं मेण धुऊन काढलेलं असतं.

लहानपणी आपण जिच्यामागे धावायचो ती सावरीची आणि रुईची 'म्हातारी' आठवते? पांढऱ्या सावरीचा धागा आतून नळीसारखा पोकळ आणि बाहेरून मेणचट. म्हणून तो भिजत नाही. पूर्वी जहाजांवरच्या लाइफ जॅकेटमध्ये हाच कापूस भरायचे. दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा बेट घेतलं आणि अमेरिकेला हा कापूस मिळेनासा झाला. तेव्हा तिथल्या शाळकरी पोरांनी रानोमाळ हिंडून आपल्या रुईच्याच कुळातल्या एका झुडपाच्या शेंगा पोत्यांनी गोळा केल्या. दोन पोती शेंगांत एक जॅकेट, असा हिशोब होता. ज्या गुणामुळे तो धागा बुडणाऱ्या माणसाला तारायचा, त्याच गुणामुळे तो पाण्यावरचं तेलही धरतो. प्रयोगशाळेत या सावरीच्या कापसाने स्वतःच्या वजनाच्या तीस-चाळीस पट तेल धरलेलं आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. सुमारे 800 टन तेल समुद्रात गेलं. उरण, घारापुरीकडच्या तिवरांना काळा लेप बसला. मासे घ्यायला गिऱ्हाईक येईना. समुद्रात चूक कुणाचीही असो, फटका बसला तो कोळी बांधवांना.

याला बरोबर दहा वर्षं होत असताना, ऑगस्ट 2020 मध्ये, मॉरिशसच्या किनाऱ्यावर अडकलेल्या 'वाकाशिओ' या जहाजातून सुमारे 1000 टन तेल गळलं. हा देश आपल्याला परका नाही. इंग्रजांच्या काळात कोकणातून उसाच्या मळ्यात मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांची वस्ती तिथे आहे, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. तर तिथले हजारो लोक स्वतःहून किनाऱ्यावर आले. काम आमच्यावर सोडा, असं सरकार म्हणत होतं, तरी थांबले नाहीत. कापडाच्या लांबलचक पिशव्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट भरलं, तरंगायला रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या लावल्या आणि समुद्रात तरंगते बांध घातले. पाचट! आपल्याकडे ऊस तुटला की फडातच पेटवून देतात, तेच.

माझ्यासारख्या कापूसपट्ट्यातल्या माणसाला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. टेक्सास टेक विद्यापीठातले शेषाद्री रामकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं की, पूर्ण न पिकलेला, सूतगिरणीला नको असलेला कच्चा कापूस एक किलो असेल तर तीस किलोहून जास्त कच्चं तेल धरतो. बाजारात ज्या मालाला व्यापारी नाक मुरडतो, तो इथे कामाचा ठरतो.

पण मित्रांनो, याची जादू करू नका. पेंढा, भुसा, पाचट साधारणपणे वजनाच्या तीन ते पंधरा पट तेल घेतात, त्याच कामासाठी बनवलेलं कृत्रिम साहित्य सत्तर पटीपर्यंत. पेंढा तेलाबरोबर पाणीही पितो आणि वेळेत उचलला नाही तर बुडतो. तिवराच्या मुळांत अडकलेला तेलकट पेंढा काढणं महाकठीण. आणि काढल्यावर तो घातक कचराच असतो, कुठेही फेकला की तेच तेल जमिनीत मुरतं.

हा सगळा इतिहास वाचताना मला एकच गोष्ट सारखी दिसते. प्रत्येक वेळी पेंढा आठवला तो तेल सांडल्यावर. मॉरिशसच्या बायाबापड्यांनी पिशव्या शिवायला घेतल्या तेव्हा तेल पाण्यात पसरलेलं होतं. भारतात तेलगळतीसाठी 1996 पासून राष्ट्रीय आराखडा आहे, समुद्रातली जबाबदारी तटरक्षक दलाकडे आहे. पण किनाऱ्यावरच्या गावाच्या हातात पहिल्या दिवशी काय असतं? जानेवारी 2017 मध्ये चेन्नईजवळ दोन जहाजं धडकली, तेव्हा माणसं बादल्यांनी तेल उपसत होती.

माझं म्हणणं साधं आहे. पाचट, पऱ्हाटी, भाताचा पेंढा, नारळाचा काथ्या यांची आपल्याकडे वानवा नाही. किनाऱ्यावरच्या तालुक्यांत याच्या शिवलेल्या पिशव्या पावसाआधी तयार का असू नयेत? शिवायचं काम बचत गटांना का देऊ नये? भिजलेला माल कुठे न्यायचा, हे आधीच का ठरू नये?

आपलं गाव समुद्रापासून लांब आहे, मला माहीत आहे. पण हायवेवर टँकर उलटला की तेल नाल्यात जातं आणि नाला नदीला मिळतो. आपल्या अग्निशमन गाडीसोबत वाळूच्या बादल्या आहेत, भुशाची चार पोतीही ठेवा, असं पत्र मी नगरपरिषदेला देतोय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी खाली नाव लिहा.