बाजाराची वाट आणि दुकानाची पाटी

श्रोतेहो, दारव्ह्याच्या किंवा दिग्रसच्या आठवडी बाजारांत शिरणारा मनुष्य कोणास फारशी वाट विचारीत नाहीं. धान्याची ओळ एकीकडे, भाजीपाला दुसरीकडे, बांगड्या आणि कापड त्याच्याही पलीकडे. मिरची कोठें विकतात हें तर नाकच सांगतें. या बाजाराचा नकाशा कोणी काढलेला नसतो. एकच माल पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागीं बसत आला, म्हणून पायांनाच ती वाट ठाऊक झाली.

परंतु आज कित्येक दुकानांना जागाही नाहीं आणि भिंतही नाहीं. तीं संकेतस्थळावर भरतात. तेथें वास येत नाहीं, हाक ऐकूं येत नाहीं. पानाच्या माथ्यावर पांच-सात शब्दांची जी ओळ असते, तीच गिऱ्हाइकाची वाट. या ओळीस 'मेनू' म्हणतात. तिचा इतिहास वाटतो त्याहून बराच जुना आहे.

मालाचीं नांवें वर्गवारीनें लावणें आपणांस नवें नाहीं. अमरकोश शब्दांचे वर्गच पाडतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशांत दहा वर्ग असून त्यांपैकीं एक 'पण्यवर्ग', म्हणजे विक्रीच्या वस्तूंचा, आहे. पुण्यांत बोहरी आळी, तांबट आळी हीं नांवें पाटीचेंच काम करीत आलीं. नांव ऐकलें कीं पाऊल कोठें वळवावें हें कळावें, हाच त्यांचा हेतु.

मात्र पाटी कोण लिहितो, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. वऱ्हाडांत १८९७ सालीं कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, अडत्यांना व मापाऱ्यांना परवाने लागूं लागले, कारभार समितीकडे गेला. व्यवस्था आली खरी. पण त्या समित्यांवर वर्चस्व राहिलें तें व्यापाऱ्यांचें. बाजार ज्याच्या कापसावर चाले, त्या शेतकऱ्याला ती व्यवस्था आंखतांना फारसें कोणी विचारलें नाहीं. व्यवस्था आंखणारा आणि तींतून चालणारा हे दोघे निराळे असले, म्हणजे असें होतें.

पुढें १९१६ सालीं अमेरिकेंतील मेम्फिस शहरीं क्लॅरेन्स सॉन्डर्स यानें 'पिगली विगली' नांवाचें किराणा दुकान उघडलें. तोंवर गिऱ्हाइकानें मागावें आणि नोकरानें काढून द्यावें, अशी रीत होती. सॉन्डर्सनें माल उघड्या फळ्यांवर मांडला आणि गिऱ्हाइकास स्वतः हिंडूं दिलें. पण वाट अशी आंखली कीं सर्व मालासमोरून गेल्यावांचून बाहेर पडतां येऊं नये. दुकानाची मांडणी गिऱ्हाइकाच्या सोयीची असते, तशी ती दुकानदाराच्या हिताचीही असते, हें तेथें स्पष्ट झालें.

दुसरी वाट दाखविली ती एका भारतीय ग्रंथपालानें. मद्रासचे एस. आर. रंगनाथन यांनीं १९३३ सालीं 'द्विबिंदु वर्गीकरण' प्रसिद्ध केलें. एका ग्रंथाला एकच खण न देतां विषय, स्थळ, काळ अशा अनेक अंगांनीं तो ओळखतां यावा, ही त्यांची दृष्टि. आज आपण रंग, माप, किंमत यांवर बोट ठेवून साडी निवडतों, तेव्हां त्याच विचाराचा उपयोग करीत असतों.

आतां अगदीं अलीकडच्या काळाकडे येऊं. २००३ सालीं 'वर्डप्रेस' ही आशयव्यवस्थापनाची प्रणाली निघाली. म्हणजे गणकयंत्राची भाषा न जाणणाऱ्यालाही पानें लिहितां व बदलतां यावींत, अशी सोय. तरी प्रारंभीं माथ्यावरची ओळ मनाजोगी फिरविणें सोपें नव्हतें; त्यासाठीं बहुधा जाणकारास रचनेच्या संहितेंत हात घालावा लागे. २०१० सालीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीनें हें काम दुकानदाराच्या हातीं दिलें. शब्द उचलावा, वर-खालीं सरकवावा. किंचित् उजवीकडे ठेवला कीं तो वरच्या शब्दाच्या पोटांत जातो. पुढच्याच वर्षीं 'वूकॉमर्स' आलें आणि त्याच प्रणालींत दुकानही थाटतां येऊं लागलें.

येथेंच पुष्कळांची गफलत होते. मालाची वर्गवारी ही कोठाराची व्यवस्था आहे; मेनू ही दाराची पाटी आहे. कोठारांत चाळीस खण असोत. दारावर चाळीस नांवें लिहिलीं तर कोणीच वाचणार नाहीं.

समजा, यवतमाळच्या कांहीं भगिनींनीं असें दुकान काढलें. माल कोणता? शेवया, कुरड्या, मुगवड्या, तूरडाळ, हळद आणि रानांतली चारोळी. तयार सांच्यांत इंग्रजी शब्द आधींच भरलेले असतात: 'शॉप', 'कलेक्शन', 'न्यू अरायव्हल'. त्यांच्या मागें ही कुरडई कोणास सांपडणार? तेथें 'वाळवणें', 'डाळी', 'मसाले', 'रानमेवा' असे चार शब्द घालावे. भगिनी मालाची गणना कशी करतात याला महत्त्व नाहीं. पुण्यामुंबईच्या घरांतील गृहिणी तो कोणत्या नांवानें मागते, याला आहे. 'इतर' हा शब्द तर शक्य तों टाळावा. ज्याची वस्तु 'इतर' मध्यें गेली, त्याची मेहनतही दृष्टिआड गेली.

आणखी एक सावधगिरी. १८६४ सालीं निर्माण झालेला हा जिल्हा प्रथम आग्नेय वऱ्हाड, मग वणी आणि १९०५ पासून यवतमाळ म्हणून ओळखला जाऊं लागला. भूमि बरीचशी तीच, नांवें तीन. जुन्या दप्तरांत शोध घेणाऱ्यास हीं तिन्ही नांवें ठाऊक असावीं लागतात. दुकानाच्या पानांचे पत्तेही असेच बदलतात. पत्ता बदलला कीं जुन्या जागीं नव्याची पाटी ठेवावी. म्हणजे प्रणालीला जुना पत्ता नव्याकडे वळवावयास सांगावें. नाहींतर जुनें गिऱ्हाईक बंद दारावरून परत फिरेल.

श्रोतेहो, वऱ्हाडच्या शेतकऱ्यानें दुसऱ्यानें आंखलेल्या बाजारांत पुष्कळ काळ माल विकला. आज निदान या एका बाजाराची पाटी त्याच्या घरच्या माणसांना स्वतःच्या हातानें, स्वतःच्या भाषेंत लिहितां येते. ती त्यांनीं दुसऱ्यावर सोंपवूं नये.