वीरगळ खालून वर वाचावा

जुन्या गोव्यातील पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय १९६४ सालचे. तिथल्या कदंबकालीन वीरगळांत चक्क जहाजांवरची लढाई कोरलेली आहे! वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाला युद्ध, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर शिवलिंगाची पूजा. मी वाचलेल्या पाट्यांवर मात्र 'वीरगळ' आणि शतक, एवढेच. नवख्याने काय समजावे? त्याच संग्रहातल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरींचा प्रघात १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रो याने घातला. ते सगळे नावानिशी ओळखले जातात. आमचा दर्यावर्दी निनावी. सत्तरीत असे दगड अजून रानात उभे आहेत, लोक त्यांना देव मानून फूल वाहतात. निदान दगड कुठल्या गावातून आणला, ते तरी पाटीवर ठळक लिहावे.