तालमीचा उंबरठा



मी आयुष्यभर मराठी वाङ्मय शिकवले. व्यायामाचा शिक्षक मी कधीच नव्हतो. तरीही आजच्या व्याख्यानासाठी हा विषय निवडला, याला कारण तुमच्यापैकीच काही जण आहेत. माझे जुने विद्यार्थी अलीकडे भेटतात ते सहा-सात वर्षांच्या लेकराचे बोट धरून, आणि विचारतात, “सर, हिला कराटेला घालू की ज्युदोला? की सरळ तालमीत पाठवू?” प्रश्न व्यवहारातला आहे. पण आपल्या सीमाभागापुरते तरी त्याचे उत्तर बऱ्याच अंशी इतिहासात सापडते, असे मला वाटते.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध झाला. मराठीच्या अभ्यासकाला तो ठाऊक असतो तो त्यात आलेल्या मराठी ओळींमुळे. राजा कन्नड मुलखातला, ग्रंथ संस्कृत आणि आत मराठी! (सीमाप्रश्नावर बोलण्याची ही जागा नव्हे, म्हणून पुढे जातो.) त्याच ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. मल्लांचे वय, देहयष्टी आणि बळ पाहून त्यांचे वर्ग पाडावेत, त्यांचा व्यायाम कसा असावा, त्यांना खायला काय द्यावे, याचा विचार तेथे केलेला आहे. सर्वांना एका मापाने मोजू नये, ही जाण नऊशे वर्षांपूर्वी होती. आज एखाद्या मंगल कार्यालयात पाच वर्षांचे मूल आणि पंधरा वर्षांचा मुलगा एकाच रांगेत उभे राहून एकच लाथ झाडताना मी पाहतो, तेव्हा सोमेश्वराची आठवण होते.

आपल्याकडील तालमींवर छाया होती ती कोल्हापूरची. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले आणि कुस्तीला राजाश्रयासोबत लोकाश्रय मिळाला. निपाणी तर तेथून तासाभराच्या वाटेवर. तंबाखूच्या पेठेत दिवसभर राबणाऱ्या माणसांची मुले संध्याकाळी तालमीत असत. बेळगावात आनंदवाडीचा आखाडा गाजू लागला. पण माझ्या दृष्टीने मोठ्या मैदानांपेक्षा गल्लीतली बसकी, अंधारी तालीम अधिक महत्त्वाची आहे.

मूल तेथे कसे येई? थोरल्या भावाच्या नाहीतर चुलत्याच्या मागोमाग. पहिले कित्येक दिवस त्याला कोणी डाव शिकवत नसे. हौदातली लाल माती उकरायची, चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, कापूर कालवायचा. लहानग्याला कुदळ पेलत नसे. तो ढेकळे फोडी आणि मारुतीपुढला दिवा सारखा करी. मग त्या भुसभुशीत मातीत लोळणे, कोलांट्या मारणे, एकमेकांना ढकलणे. म्हणजे, नीट पाहिले तर, पडायला शिकणे. जोर-बैठका मोजक्या. जोड लावताना वस्ताद मुलाची अंगलट पाही. तो अमुक वर्षांचा, एवढे सांगून भागत नसे. जत्रेत पोरांच्याही कुस्त्या होत, नाही असे नाही. पण त्या रेवड्यांवर नाहीतर नारळावर. हरलेल्याच्या तोंडातही एखादी रेवडी पडायची.

या साऱ्यात एक गोष्ट न बोलता घडत होती. वस्ताद त्याच गल्लीत राहणारा असे. त्याचा राग, त्याचे व्यसन वा निर्व्यसनीपण, घरच्यांशी त्याचे वागणे, सारे गल्लीला माहीत. मूल त्याच्या हाती देण्यापूर्वी बापाला काही विचारावे लागत नसे, कारण गल्लीने ती पारख आधीच केलेली असे. मराठी बोलणारा, कन्नड बोलणारा, हिंदू, मुसलमान एकाच हौदात उतरत. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव हे जुम्मादादांचे शिष्य, हे अशा जगात कोणाला नवलाचे वाटत नसे.

तालमीचे गोडवे गाताना तिचे दोषही सांगितले पाहिजेत. मुलींना तिचा उंबरठा बंद होता. ज्या कित्तूरच्या राणी चन्नम्माने १८२४ मध्ये इंग्रजांना तोंड दिले, तिचे माहेर बेळगावजवळचे काकती. ती लहानपणीच घोड्यावर बसणे, तलवार चालवणे शिकली, असे परंपरा सांगते. त्याच मुलखात पुढे शंभर-दीडशे वर्षे मुलींनी तालमीच्या दारातून डोकावूही नये, हा विपर्यासच. शिवाय कुस्तीपायी शाळा सोडलेली आणि पंचविशीत गुडघा निकामी झाल्यावर ना शिक्षण ना खुराक अशा अवस्थेत सापडलेली मुले थोडी नव्हती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते आणि त्यांना पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले, हे तालीम आणि पुस्तक यांत वैर मानणाऱ्यांना सांगण्यासारखे आहे.

आपला जिल्हा मुंबई इलाख्यात असताना १९३७ मध्ये सरकारने स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली आणि पुढच्याच वर्षी कांदिवलीला शिक्षक तयार करणारी संस्था निघाली. गल्ली करीत होती ती पारख थोडीफार शासनाकडे आली. पुढे कराटे, तायक्वांदो, ज्युदो आले आणि शिकवणारा परगावचा, कधी परप्रांतातला असू लागला. यात वाईट काहीच नाही. पण ती पारख मात्र कोणाचीच उरली नाही. ती आता आईबापांनी करायची आहे.

आणि ते नेमके पट्ट्याला भुलतात! कमरेचा रंगीत पट्टा ही पुरातन वस्तू आहे, अशी समजूत दिसते. जिगोरो कानो यांनी टोकियोत १८८२ मध्ये कोडोकान स्थापन केले. काळा पट्टा त्यानंतरचा, आणि खालच्या पायऱ्यांच्या रंगांची उतरंड युरोपात रुजली ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. मुलाचा धीर टिकावा म्हणून ती सोय बरी. पण दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला शुल्क आणि एकही मूल कधी नापास नाही, असे दिसले की समजावे की पट्टा विकला जातो आहे. कानोंच्या पद्धतीतही पहिला धडा सुरक्षित पडण्याचाच आहे. आपल्या हौदातला आणि त्यांच्या चटईवरचा आरंभ एकच निघाला, हे मला फार मोलाचे वाटते. ज्युदोच्या त्या मायभूमीतच २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंघाने प्राथमिक शाळेतील मुलांची देशपातळीवरील स्पर्धा बंद केली. जिंकण्याच्या हव्यासापायी कोवळ्या मुलांना वजन घटवायला लावले जाई आणि पालक मैदानाबाहेरून आरडाओरडा करीत, हे त्यांना सहन होईना. आपल्याकडे वर्तमानपत्रात फोटो यावा म्हणून सात वर्षांच्या मुलांना स्पर्धेत उतरवतात.

स्पर्धा मुळीच नको, असे नाही. बेळगावजवळच्या तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या मध्य आशियाई कुस्तीप्रकारात ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवले. मूळच्या त्या ज्युदोच्या खेळाडू. कणकुंबीला उगम पावणाऱ्या आपल्या नदीचे नाव धारण करणारी ही मुलगी, तालमीचा बंद उंबरठा तिने कोणत्या वाटेने ओलांडला पाहा! पण तिचे पदक पाहून सहा वर्षांच्या मुलीला वर्गात घालणाऱ्यांनी मधली वर्षे मोजावीत. कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा सर्वांत लहान गटही पंधरा वर्षांखालील मुलांचा आहे.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी कलेचे नाव सांगत नाही. आधी तेथे जाऊन बसा म्हणतो. एकदा नव्हे, तीन संध्याकाळी. आईबापांनी बसलेले ज्या शिक्षकाला खपत नाही, तेथून उठून यावे. बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा झाला तो उगाच नाही. पाहायचे ते एवढेच : खाली चटई वा माती आहे की फरशी, मुलांच्या जोड्या कशा लावतात, पडायला शिकवतात का, आणि रडणाऱ्या मुलाशी शिक्षक काय बोलतो. जुना एखादा आजार वा दुखापत असेल तर डॉक्टरांना विचारून मगच पाऊल टाकावे. वर्षाचे पैसे आगाऊ भरू नयेत, पोशाखही पहिल्या दिवशी शिवू नये. महिनाभर साध्या कपड्यांत जाऊ द्यावे. दुसऱ्या महिन्यात सकाळी उठल्यावर मूल आपणहून विचारते का, आज वर्ग आहे ना, तेवढे ऐकावे आणि मग शिंप्याकडे जावे.