आभासी संगणकयंत्रे व त्यांचे स्वयंचलित व्यवस्थापन

आभासी संगणकयंत्रे : एकाच प्रत्यक्ष संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक असल्याचा भास सॉफ्टवेअरच्या साहाय्याने निर्माण करण्याच्या तंत्रास ‘आभासीकरण’ आणि अशा प्रत्येक भासमान संगणकास ‘आभासी यंत्र’ म्हणतात. प्रत्येक आभासी यंत्राला स्वतःचा प्रक्रियक, स्मृती व साठवणूक चकती असल्याप्रमाणे ते वागते. त्यावर चालणाऱ्या कार्यकारी प्रणालीला आपल्या शेजारी इतर प्रणाली नांदत आहेत, याची जाणीव नसते. प्रत्यक्ष साधनांची वाटणी करून या सर्वांवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘हायपरव्हायजर’ अशी संज्ञा आहे.

या तंत्राचा इतिहास दुपदरी आहे. यंत्रे निर्माण करणे जसजसे सोपे व स्वस्त होत गेले, तसतसे त्यांची देखभाल करणाऱ्या प्रशासकाचे काम वाढत गेले. परिणामी कामे स्वयंचलितपणे पार पाडणारी साधने ही आभासीकरणाची केवळ पुरवणी न राहता त्याचे अपरिहार्य अंग बनली. या दोन्ही अंगांच्या विकासातील बरेचसे टप्पे निरनिराळ्या परिषदांतून प्रथम लोकांसमोर आले, हेही या इतिहासाचे एक वैशिष्ट्य आहे.

प्रारंभ : १९६० नंतरच्या काळात संगणक अतिशय महाग होते व एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देण्याची निकड भासत होती. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये कालविभागणी पद्धतीचे प्रात्यक्षिक करून दाखविले. त्याच परिसरात आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये केंब्रिज सायंटिफिक सेंटर ही संशोधनशाखा स्थापन केली. तेथे रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखाली ‘सीपी-४०’ ही प्रणाली तयार झाली. सिस्टिम/३६० मालिकेतील मॉडेल ४० या संगणकात पत्त्यांचे रूपांतर करणारी खास स्मृती बसवून त्यावर ही प्रणाली चालविण्यात आली. जानेवारी १९६७ मध्ये ती नित्य वापरात आली. तीवर एकाच वेळी १४ आभासी यंत्रे चालू शकत आणि प्रत्येक यंत्र हा जणू एक पूर्ण सिस्टिम/३६० संगणक असे.

एका मोठ्या प्रणालीत सर्व वापरकर्त्यांची सोय लावण्याऐवजी प्रत्येकाला त्याचा स्वतःचा संगणक देणे आणि त्यावर ‘सीएमएस’ ही एकाच व्यक्तीपुरती साधी प्रणाली चालविणे, ही कामाची विभागणी या संशोधकांची मूलगामी देणगी होय. मॉडेल ६७ साठी तयार केलेली ‘सीपी-६७’ ही सुधारित आवृत्ती १९६७ मध्येच लिंकन प्रयोगशाळेत बसविण्यात आली. या संगणकासाठी आयबीएमने अधिकृतपणे ‘टीएसएस/३६०’ ही प्रणाली हाती घेतली होती. परंतु ती रखडत गेली आणि लहानशा गटाने रचलेली सीपी-६७ प्रत्यक्ष वापरात उपयुक्त ठरली. अखेर २ ऑगस्ट १९७२ रोजी कंपनीने ‘व्हीएम/३७०’ हे अधिकृत उत्पादन म्हणून जाहीर केले. या घराण्यातील प्रणाली मेनफ्रेम संगणकांवर आजही चालतात.

सैद्धांतिक बैठक : आभासी यंत्रांविषयी संशोधकांची एक कार्यशाळा १९७३ मध्ये केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथे भरली. त्याच वर्षी कार्यकारी प्रणालींच्या तत्त्वांवरील चौथ्या परिसंवादात जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आपला सिद्धांत मांडला. तो १९७४ मध्ये विस्तृत निबंधरूपाने प्रसिद्ध झाला. खऱ्या हायपरव्हायजरच्या ठिकाणी तीन गुण असावेत, असे त्यांनी प्रतिपादन केले : आज्ञावली प्रत्यक्ष यंत्रावर जशी चालते तशीच ती आभासी यंत्रावर चालावी, बहुतेक सूचना प्रक्रियकाने मध्यस्थाशिवाय थेट पार पाडाव्यात, आणि साधनसंपत्तीवरील ताबा सर्वस्वी हायपरव्हायजरकडे असावा. यंत्राची स्थिती बदलणारी अथवा उघड करणारी प्रत्येक संवेदनशील सूचना जर विशेषाधिकाराची सूचना असेल, म्हणजे सामान्य आज्ञावलीने ती देताच नियंत्रण वरिष्ठ प्रणालीकडे जात असेल, तर त्या संगणकासाठी असा हायपरव्हायजर रचता येतो, हा त्यांच्या सिद्धांताचा गाभा होय.

उतरता काळ व पुनरुज्जीवन : १९८० नंतर सूक्ष्मप्रक्रियकांमुळे संगणक स्वस्त झाले. एका महागड्या यंत्राची वाटणी करण्यापेक्षा प्रत्येक कामासाठी वेगळा संगणक घेणे सोयीचे वाटू लागले. कार्यालयांमध्ये टपाल, माहितीसंचय, छपाई इत्यादींसाठी स्वतंत्र सर्व्हर आले. त्यांपैकी बहुतेकांची क्षमता बराच काळ पडून राही. पण वीज, जागा व देखभाल मात्र प्रत्येकाला पूर्णपणे पुरवावी लागे. या परिस्थितीतून जुन्या कल्पनेला नवे महत्त्व आले.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मेंडेल रोझेनब्लम, एदुआर बून्यों व स्कॉट डेव्हाइन यांनी १९९७ मध्ये फ्रान्समधील सँ-मालो येथे भरलेल्या कार्यकारी प्रणालींच्या परिसंवादात ‘डिस्को’ हा प्रायोगिक हायपरव्हायजर सादर केला. पुढील वर्षी या तिघांनी डायान ग्रीन व एलन वांग यांच्यासह व्हीएमवेअर ही कंपनी स्थापिली. फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘डेमो’ परिषदेत तिने आपले तंत्र जाहीरपणे दाखविले व मे १९९९ मध्ये पहिले उत्पादन विक्रीस आणले.

तांत्रिक अडचण मोठी होती. व्यक्तिगत संगणकांत सर्वत्र रूढ झालेला इंटेलचा प्रक्रियक पोपेक व गोल्डबर्ग यांच्या कसोटीला उतरत नव्हता. जॉन रॉबिन व सिंथिया अर्व्हाइन यांनी २००० सालच्या यूझनिक्स सुरक्षा परिसंवादात दाखवून दिल्याप्रमाणे पेंटियमच्या १७ सूचना संवेदनशील असूनही विशेषाधिकाराच्या नव्हत्या. सामान्य आज्ञावलीने त्या दिल्यास हायपरव्हायजरला पत्ताच लागत नसे. व्हीएमवेअरने अशा सूचना चालू असतानाच त्यांचे सुरक्षित सूचनांत भाषांतर करण्याचा मार्ग काढला. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या गटाने दुसरी वाट धरली. अतिथी कार्यकारी प्रणालीतच किरकोळ फेरफार करून तिने हायपरव्हायजरचे साहाय्य स्वतः मागावे, अशी योजना त्यांनी केली. ‘झेन’ या नावाचा हा हायपरव्हायजर २००३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बोल्टन लँडिंग येथे वरील परिसंवादातच सादर झाला. पुढे इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रक्रियकातच आवश्यक सोय केली. त्या आधारावर आवी किव्हिटी यांनी ‘केव्हीएम’ची रचना केली व फेब्रुवारी २००७ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली.

चालत्या यंत्राचे स्थलांतर : व्हीएमवेअरने २००३ मध्ये ‘व्हीमोशन’ ही सोय उपलब्ध केली. तीमुळे आभासी यंत्र बंद न करता एका प्रत्यक्ष संगणकावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागले. यंत्र चालू असतानाच त्याच्या स्मृतीची प्रत दुसरीकडे पाठविली जाते. दरम्यान बदललेला भाग पुन्हा पाठविला जातो आणि शेवटी क्षणभर थांबवून उरलेली स्मृती व प्रक्रियकाची स्थिती नेली जाते. झेनवर काम करणाऱ्या गटाने २००५ मध्ये बॉस्टन येथील परिषदेत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा खंड अवघ्या ६० सहस्रांश सेकंदांपर्यंत खाली आणल्याचे नमूद आहे. प्रशासकाच्या दृष्टीने हा बदल क्रांतिकारक होता. कारण दुरुस्तीसाठी मध्यरात्री सेवा बंद ठेवण्याची गरज बरीच कमी झाली. २००६ मध्ये भार पाहून यंत्रे आपोआप हलविणारी व्यवस्थाही आली आणि जो निर्णय माणूस घेत असे तो यंत्रणेकडे गेला.

व्हीएमवेअरची ‘व्हीएमवर्ल्ड’ ही वार्षिक परिषद २००४ मध्ये सॅन डिएगो येथे सुरू झाली. पूर्वीच्या परिसंवादांत संशोधक भेटत. येथे प्रत्यक्ष यंत्रे सांभाळणारे प्रशासक एकत्र येऊ लागले. उत्पादनांच्या घोषणांबरोबरच एकमेकांच्या आज्ञावल्यांची देवघेव हेही या मेळाव्यांचे आकर्षण होते. २०२२ पासून ही परिषद ‘व्हीएमवेअर एक्सप्लोर’ या नावाने भरू लागली.

प्रशासकांची स्वयंचलन साधने : या साधनांची परंपराही मेनफ्रेमच्या काळापर्यंत मागे जाते. आयबीएमच्या इंग्लंडमधील हर्स्ली प्रयोगशाळेतील माइक काउलिशॉ यांनी १९७९ पासून ‘रेक्स’ ही भाषा विकसित केली. सीएमएसवरील आदेश एकत्र गुंफून नेहमीची कामे आपोआप करून घेणे, हा तिचा मुख्य उपयोग होता. आयबीएमच्या संगणकांचा वापर करणाऱ्यांची ‘शेअर’ ही संघटना १९५५ पासून कार्यरत आहे. तिच्या ह्यूस्टन येथील १९८१ सालच्या परिषदेत रेक्सची पहिली जाहीर माहिती देण्यात आली. उपस्थितांनी इतका आग्रह धरला की, पुढील वर्षी कंपनीने ती ग्राहकांना उपलब्ध करून दिली. प्रशासकांच्या मागणीने एखादे साधन प्रयोगशाळेबाहेर आल्याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

युनिक्स प्रणालींच्या प्रशासकांसाठी १९८७ पासून ‘लिसा’ ही परिषद भरत असे. प्रत्येक संगणक हाताने सजविल्यास कालांतराने कोणतेही दोन संगणक सारखे राहत नाहीत, ही समस्या तेथे वारंवार चर्चिली गेली. ऑस्लो येथील मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ‘सीएफइंजिन’ या साधनाद्वारे तिच्यावर वेगळा उपाय सुचविला. काय करावे याची क्रमवार यादी देण्याऐवजी यंत्राची अंतिम स्थिती कशी असावी, याचे वर्णन लिहावयाचे आणि साधनाने त्या स्थितीपासूनचा फरक तेवढा भरून काढावयाचा. अमुक फाइल नसेल तर ती तयार होईल. असेल तर तिला हात लागणार नाही. त्यामुळे तीच आज्ञावली कितीही वेळा चालविली, तरी फलित एकच राहते. पुढे आलेली ‘पपेट’ (२००५), ‘शेफ’ (२००९) व ‘अ‍ॅन्सिबल’ (२०१२) ही साधने प्रामुख्याने याच तत्त्वाचा विस्तार होत. ‘टेराफॉर्म’ने (२०१४) ते एक पाऊल पुढे नेले आणि यंत्रांची सजावटच नव्हे, तर यंत्रे व जाळी यांची निर्मितीही लिखित वर्णनावरून करून दाखविली. लिसा परिषद २०२१ नंतर बंद झाली.

विंडोज प्रणालीच्या क्षेत्रात जेफ्री स्नोव्हर यांच्या कल्पनेतून ‘पॉवरशेल’ २००६ मध्ये अवतरले. एका आदेशाचे उत्तर केवळ मजकूर म्हणून न देता गुणधर्मांसह वस्तुरूपाने पुढच्या आदेशाकडे सोपविणे, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. व्हीएमवेअरने त्यावर आधारित आदेशसंच २००८ मध्ये प्रसिद्ध केला. तो पुढे ‘पॉवरसीएलआय’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याची उपयुक्तता एका साध्या उदाहरणावरून ध्यानी येते. बदल करण्यापूर्वी प्रशासक आभासी यंत्राच्या तत्कालीन स्थितीची नोंद करून ठेवतात. ही नोंद काढून टाकण्यास विसरल्यास तिचा आकार वाढत जातो व शेवटी चकती भरून अनेक यंत्रे एकदम बंद पडू शकतात. शेकडो यंत्रांतून अशा जुन्या नोंदी एकेक करून शोधणे कष्टाचे. पण एका ओळीच्या आदेशाने त्यांची तारीखवार यादी मिळते.

धोके व मर्यादा : यंत्र निर्माण करण्यास खर्च व श्रम उरले नाहीत म्हणून त्यांची बेसुमार वाढ होते, कोणाचे आहे हे कोणी सांगू शकत नाही अशी, सुरक्षाविषयक दुरुस्त्या न झालेली यंत्रे मागे राहतात. अलगपणाची हमीही निरपवाद नाही. जानेवारी २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ या प्रक्रियकांतील दोषांमुळे, एकाच प्रत्यक्ष संगणकावरील शेजाऱ्यांपासून माहिती सुरक्षित राहते हे गृहीतकच काही अंशी डळमळले.

स्वयंचलनाने श्रम वाचतात, तशी चूकही अनेकपट होते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील साठवणसेवेत काही सर्व्हर कमी करण्यासाठी दिलेल्या एका आदेशातील आकडा चुकला व अपेक्षेपेक्षा बरेच अधिक सर्व्हर काढले गेले. सेवा पूर्ववत होण्यास चार तासांहून अधिक काळ लागला आणि तीवर अवलंबून असलेली असंख्य संकेतस्थळे खोळंबली. कंपनीच्या निवेदनानुसार त्यानंतर ते साधन अधिक सावकाश चालेल आणि किमान मर्यादेखाली सर्व्हर काढू देणार नाही, अशी सुधारणा करण्यात आली. साधनाला वेगाइतकाच लगामही हवा, हा धडा या घटनेने दिला.

तिसरा प्रश्न परावलंबनाचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून केवळ वर्गणीची पद्धत ठेवली. टेराफॉर्मच्या उत्पादकांनीही ऑगस्ट २०२३ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा ‘ओपनटोफू’ ही त्याची मुक्त शाखा निघाली. अनेक वर्षे एका विशिष्ट उत्पादनाभोवती लिहिलेल्या आज्ञावल्या या संस्थेची मोठी ठेव असतात; उत्पादन बदलले की त्यांचा बराचसा भाग नव्याने लिहावा लागतो. पोपेक व गोल्डबर्ग यांनी साधनसंपत्तीवरील ताबा हा हायपरव्हायजरचा आवश्यक गुण मानला होता. त्या हायपरव्हायजरवरील ताबा कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या गणिती मांडणीत येत नाही. प्रत्येक संस्थेला व तिच्या प्रशासकाला तो स्वतःच सोडवावा लागतो.