छोट्या स्वयंपाकघरातील राखाडी कपाटे : रंग ठरवण्यापूर्वी

प्रतिनिधी, कोल्हापूर

स्वयंपाकघर हे घरातील सर्वांत लहान, पण सर्वांत अधिक वापरले जाणारे दालन. दिवाणखान्याच्या रंगात चूक झाली तर पडदे बदलून ती झाकता येते. स्वयंपाकघरातील कपाटांचा रंग मात्र एकदा चढला की पुढची दहा-बारा वर्षे त्याच्याच सोबतीने काढावी लागतात. त्यामुळे सध्या लोकप्रिय असलेल्या राखाडी रंगाचा मोह पडला, तरी सुताराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी चार गोष्टींचा विचार करणे शहाणपणाचे ठरते.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही मूळची गुळाची व्यापारपेठ. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही येथील जुनी रीत. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या येथील गल्ल्यांत आता सदनिकांच्या इमारतीही उभ्या आहेत. जुने घर असो वा नवी सदनिका, स्वयंपाकघराला मिळणारी जागा मोजकीच असते. स्वतंत्र जेवणघर असल्यास स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटरचे आणि १.८ मीटर रुंदीचे असावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. म्हणजे साधारण नऊ फूट बाय सहा फूट. एवढ्या जागेत ओटा, शेगडी, फ्रीज आणि कपाटे बसवल्यावर भिंत फारशी उरतच नाही. कपाटांचा रंग हाच खोलीचा रंग होतो.

छोट्या स्वयंपाकघरातील रंगाचा विचार नवा नाही. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार महिलेने कामगारवस्तीसाठी जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर आखले. आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ तेथे सापडते. त्यातील कपाटांना निळसर रंग दिला होता. त्या रंगावर माश्या बसत नाहीत, असा त्या काळी समज होता. समज खरा असो वा नसो, रंग निवडताना शोभेबरोबर उपयोगाचाही विचार करावा, हा धडा मात्र आजही लागू आहे.

राखाडीतील छुपा रंग

चुलीतील राखेवरून नाव पडलेला हा रंग दिसायला साधा, पण निवडायला अवघड आहे. बाजारात मिळणाऱ्या राखाडी छटांत बहुधा निळा, हिरवा, जांभळा किंवा मातकट अंश मिसळलेला असतो. दुकानातील छोट्या रंगपट्टीवर तो जाणवत नाही. आठ-दहा शटरांवर पसरला की ठळक दिसतो. पट्टी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिली, तर हा छुपा रंग ओळखता येतो.

शेजारचा रंगही फसवतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे शास्त्र मांडले आहे. पिवळ्या रंगाशेजारी ठेवलेली राखाडी छटा डोळ्याला निळसर-जांभळी भासते. आपल्याकडे भिंतींना फिकट पिवळा किंवा क्रीम रंग देण्याची पद्धत आहे. अशा भिंतीलगत थंड, निळसर राखाडी कपाटे उदास दिसतात. तेथे किंचित मातकट, उबदार राखाडी शोभते. भिंत आणि टाइल्स पांढऱ्या असतील, तर थंड छटाही खुलते.

उजेडाचे गणित

खिडकी कोणत्या दिशेला आहे, हे आधी पाहावे. उत्तरेकडून येणारा उजेड शांत आणि निळसर असतो. त्यात थंड राखाडी अधिकच थंड दिसते. पश्चिमेच्या खिडकीतून येणारे दुपारनंतरचे ऊन मात्र त्याच रंगाला ऊब देते. शेजारच्या इमारतीची भिंत हाताच्या अंतरावर असेल आणि दिवसाही दिवा लावावा लागत असेल, तर गडद राखाडीचा नाद सोडावा.

दिव्याचाही परिणाम होतो. २७०० केल्विनचा पिवळसर दिवा राखाडीला मातकट करतो, ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र दिवा तिला निळी झाक देतो. ओट्यावर काम करण्यासाठी ४००० केल्विनच्या आसपासचा प्रकाश मधला मार्ग ठरतो. वरच्या कपाटांच्या तळाशी दिव्याची पट्टी बसवली, तर ओट्यावर स्वतःची सावली पडत नाही.

जागा लहान असल्यास वरची कपाटे फिकट राखाडी किंवा पांढरी आणि खालच्या ट्रॉल्या एक-दोन छटांनी गडद, ही रचना सुरक्षित आहे. वजन खाली राहते आणि डोळ्यांच्या पातळीवर खोली मोकळी वाटते. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा किंवा कडाप्प्याचा असेल, तर खाली फार गडद राखाडी देऊ नये. ओटा आणि कपाटे एकजीव होऊन अंधार वाढतो.

रंग कशावर आणि कोणता?

रंगाचे आयुष्य त्याखालच्या लाकडावर अवलंबून असते. एमडीएफचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने त्यावर रंग सुरेख बसतो, पण कडांतून पाणी शिरले की तो फुगतो आणि पूर्ववत होत नाही. सिंकखालील भागासाठी तो टाळावा. तेथे आयएस ७१० प्रतीचा, म्हणजे मरिन प्लायवूड बरा. मात्र प्लायवूडवर रंग देण्यापूर्वी पुट्टी, घासाई आणि प्रायमर यांत कसूर झाली, तर रेषा उमटून दिसतात.

ब्रशने दिलेला ऑइल पेंट सर्वांत स्वस्त, पण कमी उजेडात तो कालांतराने पिवळा पडतो आणि फिकट राखाडी मळकट दिसू लागते. ड्युको फवाऱ्याने मारला जातो आणि त्याची दुरुस्ती सोपी असते. परंतु तो लवकर ओरखडतो. पीयू रंग महाग, पण अधिक टणक आणि पुसायला सोपा. त्याला टवका उडाला तर तेवढीच जागा बेमालूम जुळवणे कठीण जाते. बहुधा पूर्ण शटर पुन्हा रंगवावे लागते. म्हणून कामाच्या वेळीच रंगाचा क्रमांक लिहून ठेवावा.

तांबड्या रश्श्याची फोडणी नित्याची असलेल्या घरात तेलाचा धूर आणि हळदीचे हात गृहीत धरावे लागतात. पूर्ण मॅट रंगावर डाग धरतात, अतिचकचकीत रंगावर बोटांचे ठसे आणि ओरखडे दिसतात. मध्यम चमक, म्हणजे सॅटिन, हा व्यवहार्य पर्याय. हळदीचा हात लागताच ओल्या फडक्याने पुसावा. मुरलेला डाग फिकट राखाडीवर हमखास उठून दिसतो.

घरात लहान मुले असतील, तर डब्यावरील शिशाविषयीची सूचना वाचावी. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये, असा नियम आहे. त्यापूर्वीची रंगीत कपाटे पुन्हा रंगवायची असल्यास जुना रंग कोरडा घासू नये. उडणारी धूळ घातक ठरू शकते.

पुराची आठवण ठेवा

शाहूपुरीत आणखी एक प्रश्न आहे. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदी ५५ फुटांच्या वर गेली, जयंती नाल्याचे पाणी पसरले आणि कुंभार गल्लीसह परिसरातील सखल भागांत घुसले. तळमजल्यावरील स्वयंपाकघरासाठी म्हणूनच रंगापेक्षा सामग्री महत्त्वाची. आयएस ७१० च्या प्लायवूडचे नमुने ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, पण ती परीक्षा डिंकाच्या पकडीची आहे. गढूळ पाण्यात बुडालेल्या कपाटाचा रंग टिकेल, अशी हमी ती देत नाही. अशा घरात खालचा सांगाडा स्टेनलेस स्टीलचा ठेवावा, शटर बिजागरीतून पटकन निघतील असे बसवावे आणि राखाडी रंगाची हौस वरच्या कपाटांवर भागवावी. पाण्याचा इशारा मिळताच शटर काढून माळ्यावर टाकता आले, तरी मोठे नुकसान टळते.

हे लक्षात ठेवा

- निवडलेल्या दोन-तीन छटा फूटभर फळीवर रंगवून घ्या. त्या ओट्याजवळ उभ्या करून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात पाहा.
- फळीवर हळद-तेलाचे बोट लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसून पाहा.
- रंग शटरच्या आतल्या बाजूला आणि चारही कडांना देण्याचे आधीच ठरवून घ्या.
- पावसाळ्यात रंगकाम टाळा. दमट हवेत रंग नीट वाळत नाही.
- रोज ओट्यापाशी उभे राहणाऱ्याचे मत शेवटचे माना.